टाक्यावरची नावे

चि. ईशान आणि रेवा,

काल इथले संग्रहालय पाहायला गेले. जुन्या बौद्ध राजवटींची सहा दालने क्रमाने पाहायची ठरवली होती, पण तिसऱ्यातच गुडघे थकले. देखरेखीच्या बाईंनी आपली खुर्ची पुढे केली. "बसा आजी. दगडच आहेत सगळे, पळून जातात कुठे?"

समोर लेण्यातला शिलालेख होता. कुण्या बाईने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके खोदवले आणि त्यावर नातवंडांची नावे कोरून घेतली, असे पाटीवर लिहिले होते. मला त्यातले एकही अक्षर लागेना.

"हे वाचता येणारं कुणी येतं का हो?"

"वर्षातनं एखादा. पण आला की बोट फिरवून वाचतो, मग मला ओरडावं लागतं."

त्या नातवंडांनी तरी डोंगर चढून ते कधी वाचले असेल का, कोण जाणे.

परवा तुमची आई फोनवर म्हणाली, "इंग्रजीत लिही गं, मुलांना मराठी वाचता येत नाही." इंग्रजी मला चांगले येते. तरी आज थकल्या हाताने हे मराठीतच लिहिले. वर तुमची नावे आहेत, तेवढी ओळखा. बाकीच्याची घाई नाही. कागद जाड घेतला आहे.