घाट आणि घाटी

समस्त चांदा जिल्ह्यातील आबालवृद्धांस, गुरावासरांस आणि विशेषतः वाघांस कळविण्यात येते की, मी आजवर एकही वाघ पाहिलेला नाही.

झालं. बोललो एकदाचा. हे मी कधी कुणाला — अगदी बायकोलासुद्धा — सांगितलेलं नाही. चामोर्शीच्या बाजारात लोक अजून मला 'वाघवाले भाऊ' म्हणतात, चहा पाजतात आणि तो किस्सा सांगायला लावतात. आणि मी सांगतो! डोळे वटारून, धोतराचा सोगा शेपटीसारखा हलवून. वाघ दर वर्षी हातभर वाढतो.

पण वाघ नंतर. आधी माझं वेड. मला घाटाचं वेड आहे — वस्तूच्या घाटाचं. सायकलवर लुगड्यांचा गठ्ठा बांधून मी गावोगाव विकत फिरतो, आणि येताना काहीबाही जुनं घेऊन येतो. मोराच्या मानेचा अडकित्ता. तीन पायांची पितळी डबी. आतून पोखरलेलं, बाहेरून मासोळीसारखं एक शिंग. ते कशाचं, कुणी केलं? ठाऊक नाही, आणि खरं सांगू? कळूच नये असं वाटतं. कळलं की वस्तू कामाला लागते. तोवर ती नुसती सुंदर असते. बायको म्हणते, घरात पाय ठेवायला जागा नाही. जागा आहे, पाय मोठे आहेत.

येतो, मुद्द्यावर येतो — जरा दम धरा.

पहिल्या निवडणुकीचा हिवाळा होता. धान कापून झालं होतं, गुरं मोकळी सुटली होती. रानवाटेवर सायकल पंक्चर झाली म्हणून मी मोहाच्या झाडाखाली बसलो, तर समोर एक तांबडी गाय येऊन उभी राहिली. गाभण. गळ्यात लाकडी घाटी — गुरांची घंटा — एकाच ओंडक्यातून कोरलेली. खाली रुंद, वर निमुळती, दोन लोलक बाहेर लोंबणारे, आणि कडा घासून घासून लोण्यासारख्या झालेल्या. घाट्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. हा घाट नव्हता पाहिला.

चोरी कशी होते? मला वाटायचं, आधी विचार येतो, मग हात. तसं नाही. हातच पुढे होता. आणि गाय इतकी गरीब — तिने मान वाकवून दिली! दोरी सोडली, लोलक वाजू नयेत म्हणून चिंधी कोंबली, घाटी लुगड्यांत खुपसली.

मला ठाऊक नव्हतं का? होतं. प्रत्येक घाटीचा आवाज वेगळा, आणि त्या आवाजावरच माणसं तिन्हीसांजेला रानात आपली गाय हुडकतात. मी त्या गाईला मुकं केलं होतं.

सायकल ढकलत गावात पोचलो तर सोनाबाई — एकटी बाई, तीच एक गाय — शेजाऱ्यांना घेऊन रानाकडे निघालेली. "भाऊ, माही कपिली दिसली काय जी वाटेत?"

माझी नजर गठ्ठ्याकडे गेली. कुणी उघडला तर? आणि तोंडातून निघालं — वाघ!

एकच शब्द. पण मी माझ्याच गोष्टीला भुलणारा माणूस. मग पट्टे आले, शेपूट आली, गाईचा हंबरडा आला. आणि निघालेली माणसं माघारी वळली.

कळतंय ना, मी काय केलं? घाटी चोरली, ते एक. पण शोध थांबवला, तोही मीच. गाभण गाय रानात, आणि मी सोनाबाईच्या ओसरीत. तिनेच बसवून घेतलं, डोळे पुशीत भात वाढला. "गाय गेली त गेली. तुम्ही त वाचले ना भाऊ." सकाळी तिने वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडला — माझ्या नावाने! त्यातला तुकडा मी चावला. गिळलाही.

ती घाटी अजून माझ्या फळीवर आहे, चिंधीसकट. सोनाबाई अजून माझ्याच गठ्ठ्यातलं लुगडं घेते. त्या गठ्ठ्याशेजारी बसते, मला पाणी देते, भात वाढते, आणि एक वेळ सोडली तर आजवर तिने एका शब्दाने काही विचारलेलं नाही. तिला कळलं होतं का? मला ठाऊक नाही. तिच्या भाताचा ऋणी आहे, एवढं ठाऊक आहे. आणि जगली म्हणून त्या गाईचा.

हो, जगली! पुढच्या बाजाराला मी त्याच गावच्या पारावर वाघ रंगवत होतो. सगळं गाव गोळा झालेलं. मी नुकतीच झडप घेतली होती — आणि समोरून कपिली चालत आली. रोडावलेली, मागे लटपटतं वासरू. कुणी ओरडलं, कुणी हात जोडले. सोनाबाई धावली, गाईच्या गळ्यात पडली, तिथेच रडली. मग तिचा हात गाईच्या मोकळ्या मानेवरून फिरला, थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडून निघून गेलं —

"अवो माय! वाघानं गाय सोडली, अन् घाटीच खाल्ली काय जी?"