चारशे बारापैकी सहा

नेटी डर्कसन बत्तीस वर्षं सरकारी पगारावर गवत मारत होती, आणि अगदी इमानेइतबारे. कडाक्याच्या थंडीच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या चारा संशोधन केंद्रात स्पेनहून लसूणघासाचं बी आलं होतं, तिकडच्या उन्हात लाडावलेलं. ते पेरायचं, थंडीत मरेल ते मरू द्यायचं, उरेल त्याचंच बी धरायचं, म्हणजे थंडीला पुरून उरणारा वाण मिळतो. पण बर्फ म्हणजे गवताची गोधडी. ती अंगावर असली की कुठलाही सोम्यागोम्या जगतो. म्हणून भर जानेवारीत, उणे पस्तिसात, नेटी फावड्याने वाफ्यांवरचा बर्फ काढायची.

"काय गं नेटी," शेजारचा ऑरेस्ट गाडीतूनच ओरडायचा, "स्वतःच्या दारात कमरेइतका बर्फ, आणि इथे गवताची हजामत?"

"तुझ्याच गायींसाठी मरतेय रे मेल्या!"

मग नवे प्रमुख आले, डॉक्टर प्रेंटिस. भारी कनवाळू माणूस! नेटी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एक हिवाळा घरी बसली, तर साहेबांनी वाफ्यांवर बर्फ साचून राहावा म्हणून भोवती कुंपण घातलं. वसंतात चारशे बारापैकी चारशे बारा रोपं हिरवीगार.

"चमत्कार!" साहेब म्हणाले. "पुढच्या जूनमध्ये तू निवृत्त होशील, तेव्हाच बी शेतकऱ्यांना देऊ. वाणाचं नाव 'नेटी'!"

"साहेब, ही बर्फाची करामत आहे."

"किती गं शंका काढतेस!"

खोटं कशाला बोला, नेटीला ते नाव हवं होतं. फार हवं होतं. ती गप्प बसली, थेट डिसेंबरपर्यंत.

तेव्हा ऑरेस्ट म्हणाला, "चाळीसच्या चाळीस एकर तुझंच बी पेरणार. तुझं नाव आहे म्हटल्यावर डोळे मिटून!"

झालं! जानेवारीत नेटीने कुंपण उपटलं आणि दुखऱ्या गुडघ्याने सगळे वाफे उघडे केले.

एप्रिलमध्ये सहा रोपं उरली. सहा!

"काय केलंस हे?" साहेब किंचाळले.

"माझं काम," नेटी म्हणाली, आणि घरी जाऊन पोटभर रडली.

त्या सहांचं बी शेतात पोचायला अजून दहा-बारा वर्षं लागणार होती, आणि नाव तेव्हाचा प्रमुख ठेवणार होता. जूनमध्ये ऑरेस्टने जुनंच बी पेरलं. मग नेटीच्याच स्वयंपाकघरात बसून, तिची कॉफी पीत, केंद्रातल्या फुकट्या लोकांना तासभर शिव्या घातल्या. नेटीने त्याला आणखी कॉफी ओतली.