पाच पट्ट्यांची गाडी

महानंदाला साधा फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. नवरा नागनाथ बँकेतून थोडा उशिरा आला की ती गॅलरीतून सारखी रस्त्यावर डोकवायची, आणि तो दिसला की काहीच झालं नाही असं दाखवत भाजी ढवळायला लागायची. निपाणीहून लग्न होऊन ती बेंगळुरूला आली, राजाजीनगरात संसार मांडला, मुलगी शिकून नोकरीला लागली, पण हा स्वभाव काही गेला नाही. अशा बाईनं पन्नाशीच्या तोंडावर धंदा काढावा, याचं नागनाथलाच सगळ्यात जास्त नवल वाटत होतं.

नोकरीत तिचं सगळं आयुष्य चित्रं काढण्यात गेलं होतं. चित्रं म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांच्या पुस्तकांतली. गिअरबॉक्स घ्यायचा आणि त्यातला एकेक वॉशर, एकेक स्प्रिंग थोडी थोडी लांब सरकवून हवेत तरंगत असल्यासारखी दाखवायची. पुढे ते काम संगणकावर व्हायला लागलं, विभाग बंद पडला आणि महानंदा घरी बसली. हात स्वस्थ बसेनात म्हणून तिनं एक अख्खी मोटार तशी उलगडून काढली. सारंग अकराशे. कधीकाळी डॉक्टर आणि वकील लोक वापरायचे, ती गोल दिव्यांची गाडी.

नागनाथनं चित्राचा फोटो जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. आम्हालाही पाहिजे म्हणून लोक मागे लागले. त्यांच्यातले अप्पासाहेब, मूळचे बेळगावचे निवृत्त वकील, चित्र बघायला घरीच आले. बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "वहिनी, झकास झालंय. पण विकू नका. गाडीचं नाव, तिचं रूप, सगळं कंपनीच्या मालकीचं आहे. परवानगीशिवाय विकलंत तर एक दिवस नोटीस दारात येईल."

महानंदानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना नकार कळवला. मात्र चित्र काही तिला सोडेना. शेवटी धीर करून तिनं सारंग मोटर्सच्या पुण्याच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर येणार नाही अशी खात्री होती, पण तिथल्या अंजली नावाच्या मुलीचा फोन आला. कंपनी रीतसर परवाना द्यायला तयार होती. एक मोटार, एक स्कूटर, एक व्हॅन. अटी दोन होत्या. प्रत्येक चित्र छापण्याआधी कंपनीनं पास करायचं, आणि चुकलेले किंवा नापास झालेले कागद फाडून नष्ट करून तसं कळवायचं.

छपाईसाठी तिनं चामराजपेटेतला पद्मनाभ गाठला. दोन पिढ्यांपूर्वी तंजावरकडून आलेलं मराठी घराणं. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी. माणूस गोड, पण घाईचा. मोटारीचं चित्र पुण्याला पाठवलेलं होतं, उत्तर यायचं होतं, आणि जुन्या गाड्यांचा मेळावा तोंडावर आला होता. पद्मनाभ म्हणाला, "अक्का, कागद मशीनला लावलाच आहे. छापून टाकू. पास काय, होणारच की." महानंदाचं मन खात होतं, तरी ती हो म्हणाली.

चित्र पास झालं नाही.

"मॅडम, सॉरी," अंजली फोनवर म्हणाली, "बाकी सगळं परफेक्ट आहे, पण पुढच्या जाळीला तुम्ही पाच पट्ट्या दाखवल्यात. अकराशेला चारच होत्या. पाच नंतरच्या मॉडेलला आल्या. एवढं करेक्ट करून पाठवाल का?"

तिनं सुधारून पाठवलं, ते पास झालं, नवी छपाई झाली. त्या दिवसांत तिला ताप होता. पद्मनाभनं फोनवर सांगितलं, "जुने कागद मी कापून टाकतो अक्का, तुम्ही झोपा," आणि तिनं अंथरुणातूनच कंपनीला कळवलं की नापास कागद नष्ट केले. स्वतः जाऊन बघितलं नाही.

धंदा चालला. एचएसआर लेआउटमधल्या रविवारच्या बाजारात तिनं टेबल लावलं. आयटीतली तरुण मंडळी थांबून बघायची, आजोबांची गाडी म्हणून घेऊन जायची. प्रत्येक चित्रामागे कंपनीचा चमकता शिक्का होता, आणि तो दाखवताना तिचा आवाज जरा मोठा व्हायचा. काळजी होतीच, पण आता तिला काहीतरी काम होतं.

एका सकाळी नागनाथ तिला घराजवळच्या नव्या दर्शिनीत डोसा खायला घेऊन गेला. उभ्यानं खायची जागा. महानंदानं पहिला घास मोडला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं तिची सारंग अकराशे टांगलेली होती. तिला आधी आनंदच झाला. मग तिची नजर जाळीवर गेली. पट्ट्या पाच होत्या.

"अगं, खा की. गार व्हायला लागलाय डोसा. काय बघालीस?" नागनाथ म्हणाला.

तिनं डोसा बाजूला सारला. तिनं गल्ल्यावरच्या मालकाला कानडीत विचारलं, चित्र कुठून आणलं? चामराजपेटेतल्या नागराज फ्रेमवाल्याकडून, तो म्हणाला, आणि छान आहे ना, असंही वर विचारलं. ती मान हलवून बाहेर आली. आपण कंपनीला लिहून दिलंय की कागद राहिलेच नाहीत. आता उद्या कुणी हा फोटो टाकला, तर ते म्हणणार, बाई पाठीमागून चोरून विकते.

त्याच पावली तिनं बस धरली. पद्मनाभ तिला बघून खुर्ची पुढे करायला लागला. "बसा अक्का, स्वल्प कॉफी..."

"कागद कापलेत काय तुम्ही?"

पद्मनाभचा हात खुर्चीवरच थांबला. त्यानं खरं ते सांगितलं. कापायचं मशीन तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं. जाड, चांगला कागद, टाकवेना. नागराजला फ्रेमच्या पाठीमागे लावायला जाड कागद लागतो, म्हणून गठ्ठा त्याला दिला. "पाठीमागं जाणार म्हटलं, कोण बघतंय? तो पुढं लावेल असं वाटलंच नाही, अक्का."

नागराजचं दुकान पुढच्याच गल्लीत होतं. तो घाबरून गेला. उरलेले कागद त्यानं लगेच काढून दिले. चार-दोन चित्रं फ्रेम करून विकली होती, गिऱ्हाइकं आठवत नव्हती. आणि बरेच कागद खरोखरच पाठीमागे गेले होते. त्यानं तयार असलेला लक्ष्मीचा फोटो उलटा करून दाखवला. पाठीवर गाडीचं अर्धं बॉनेट आणि एक गोल दिवा होता. महानंदाला हसावं की रडावं कळेना. शहरात किती देवघरांत आपली गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असेल, कुणाला ठाऊक.

घरी आल्यावर नागनाथनं समजूत घातली. "गप बस आता. डोसा खाताना पट्ट्या कोण मोजतंय?"

"कंपनीची माणसं मोजतील. आणि मी मोजतेय की."

पुढचे काही दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. फोन वाजला की पुण्याचा वाटायचा. अंजलीला लिहायला बसायची, लिहायची, पुसायची. रविवारी बाजारात एका बाईनं चित्र हातात घेऊन विचारलं, "ओरिजनल लायसन्सवालं आहे ना?" महानंदाला हो म्हणता येईना. शिक्का खरा होता, चित्रही खरं होतं, तरीही. बाई तिच्याकडे विचित्र बघून पुढे गेली. महानंदानं तिथंच टेबलाच्या मागे उभं राहून पुण्याला फोन लावला आणि सुट्टीचा दिवस असूनही अंजलीनं तो उचलला.

महानंदानं एका दमात सगळं सांगितलं. ताप, पद्मनाभ, दर्शिनी, लक्ष्मीचा फोटो. कागद स्वतः न बघता आपण नष्ट झाले म्हणून कळवलं, हेही सांगितलं.

"मॅडम, हे मला लीगलला सांगावं लागेल," अंजली म्हणाली. "मी काय होईल ते सांगू शकत नाही. तोपर्यंत अकराशे विकू नका, प्लीज."

महानंदानं मोटारीची चित्रं टेबलाखाली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती दर्शिनीच्या मालकाकडे गेली, चार पट्ट्यांचं, शिक्क्याचं चित्र देऊ केलं आणि टांगलेलं मागितलं. त्याला फरक दिसेना. ही बाई फुकटात नवं चित्र कशाला देतेय, म्हणून तो संशयानं बघत राहिला, पण शेवटी "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि स्टुलावर चढला. परत आणलेले सगळे कागद तिनं पद्मनाभच्या मशीनवर स्वतः उभं राहून कापून घेतले. पद्मनाभनं मान वर केली नाही. ती निघाली तेव्हा एवढंच म्हणाला, "अक्का, माझं नाव सांगितलंत ना? सांगायलाच पाहिजे होतं."

कंपनीचं उत्तर यायला दिवाळी उलटली. करार मोडला नव्हता. पण मोटारीची परवानगी काढून घेतली होती, पुन्हा देणार की नाही ते पुढच्या वर्षी बघू म्हणाले. स्कूटर आणि व्हॅन राहिली. महानंदानं ते दोनदा वाचलं, मग नागनाथला वाचायला दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडली. ज्या गाडीसाठी हे सगळं सुरू केलं, तीच गेली होती.

"बंद करूया काय मग?" नागनाथनं हळूच विचारलं.

"व्हॅन अर्धी झालीये," ती म्हणाली.

व्हॅन पुरी व्हायला तिला फार वेळ लागला. प्रत्येक बिजागरी ती जुन्या फोटोंशी ताडून बघायची, अप्पासाहेबांना दाखवायची, पुन्हा खोडायची. पुण्याला पाठवल्यावर मात्र तिनं पद्मनाभला कागद मागवूसुद्धा दिला नाही. आठवड्यानं अंजलीचा फोन आला. मागच्या दाराची कडी उलट्या बाजूला दाखवलीय, म्हणाली, बाकी सुंदर आहे.

"बरं झालं सांगितलंत," महानंदा म्हणाली, आणि छातीतली धडधड थांबायच्या आतच तिनं खोडरबर हातात घेतलं.