सू-छिननं लपवलेल्या तारा

तैपेइच्या जुन्या बाजारात लियेन सू-छिनचं संगणक जोडून देण्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेरच थांबायचं. पण तिच्या हातचा संगणक बघावा! पेटीच्या काचेतून एक तार दिसेल तर शपथ. सगळ्या तारा मागच्या पत्र्याआड, आणि तिथेही लेकीची वेणी घालावी तशा पेडापेडानं बांधलेल्या.

"अगं आ-छिन, मागचं कोण बघतंय?" असं कुणी लाडानं म्हटलं की ती म्हणायची, "समुद्राची देवी माझू माता बघते. तिला पुढचं-मागचं सारखंच."

यंदा त्या मातेच्याच देवळाचं काम तिच्याकडे आलं. नव्या वर्षाचे दिवे लावणाऱ्यांची नावं आजवर वहीत लिहीत. आता ती संगणकात जायची होती. कारभारी चुआंग आजोबांना ते मुळातच पसंत नव्हतं. त्यांनी बजावलं, "नऊच्या मुहूर्ताला पहिलं नाव चढलं पाहिजे. नाही चढलं, तर तुझं यंत्र घरी ने."

सकाळी नऊला दहा कमी. रांग दाराबाहेर गेलेली. सू-छिननं हात जोडले आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! मातेच्या दारातच अशी शोभा व्हावी?

"हिरवा पुडा कुठाय?" रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या मेइ-युए मावशी कडाडल्या. "खाऊचा हिरवा पुडा ठेवल्याशिवाय यंत्र कधी शहाण्यासारखं वागलंय का?" यंत्र रुसू नये म्हणून त्यावर हिरवा पुडा ठेवायची तिकडे रीतच आहे; पिवळा ठेवला तर ते अडतं म्हणे.

"घाईत पिवळा आणला असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"हिरवाच आहे हो," सू-छिन कसनुसं हसली. "आत ठेवलाय. मागच्या बाजूला."

"आत? अगं बाई, खाऊसुद्धा लपवलास? नवऱ्याला कुठे ठेवलंयस मग?"

रांग खो खो हसली, आणि सू-छिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं वीज बंद करून मागचा पत्रा काढला. जेमतेम दोन बोटं जागा, त्यात हवेनं टम्म फुगलेला पुडा दडपून बसवलेला! त्याच्या रेट्यानं बटणाची बारीक तार जागची निसटली होती. तिनं पुडा ओढून काढला, तार बसवली, पुन्हा वीज दिली. पंखे घुमले, पडदा उजळला. नऊला एक मिनिट होतं, तोवर मेइ-युए मावशींचं नाव चढलंसुद्धा.

चुआंग आजोबा मात्र वाकून मागची बाजूच न्याहाळत होते. "एवढं नीट? जिथे कुणी बघणार नाही तिथे?" ते पुटपुटले. मग चेपलेला पुडा त्यांनी स्वतःच्या हातानं सरळ केला, सगळ्यांना दिसेल असा यंत्राच्या माथ्यावर ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, "आता लिही. चुआंग..."

"आजोबा, रांगेत या!" मावशी ओरडल्या.

आणि आजोबा हसत हसत खरोखरच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.