नऊ वार म्हणजे नऊ वार

सासूबाईंचं सगळं आयुष्य चितेगावच्या शेतात गेलं, तेही नऊवारीत. गेल्या उन्हाळ्यात त्या गारखेड्याला आमच्याकडं आल्या, तेव्हा नात्यातल्या एका लग्नात नेसायला म्हणून मी त्यांना नवं लुगडं आणलं. त्यांनी ते उलगडलं, एक टोक नाकाशी धरलं, तोंड बाजूला वळवून हात लांबवला आणि एकेक वार मोजत गेल्या. नववा वार पुरा झाला नाही.

"वीतभर कमी हाय," त्या म्हणाल्या.

मी शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, वयानं मोजणं चुकलं असेल. म्हणून टेप लावला. लुगडं भरलं बरोबर आठ मीटर. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. तूट तेवीस सेंटिमीटरची, म्हणजे एक वीतच. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेलो. दुकानदार समजुतीच्या सुरात बोलला. माल असाच येतो, आता सगळं मीटरवर आलंय, आणि हातानं मोजणं हे काही माप नव्हे, कुणाचा हात लांब तर कुणाचा आखूड.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी त्याला सांगितलं, वार हा एका इंग्रज राजाच्या नाकापासून अंगठ्यापर्यंतचा, अशी गोष्ट सांगतात. फुटाचं नाव तर पायावरूनच पडलं. मीटरसुद्धा माणसांनीच पृथ्वी मोजून ठरवला, अन् त्या मोजणीतही थोडी चूक राहिलीच.

सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राजाचा हात चालतो, अन् माझा नाय? वार म्हण नायतर मीटर म्हण. नऊ सांगितलेत, तर नऊ दे."

आजूबाजूच्या बायका आमच्याकडं वळल्या. एकीनं हातातली साडी उलगडून सरळ नाकाशी धरली. ते बघून दुकानदारानं आणखी लुगडी काढली. सासूबाईंनी गादीवर बसून, कसलीही घाई न करता, एकेक मोजलं. तीन परत सारली. चौथं पुरं भरलं, वर दोन बोटं जास्तच.

परतताना रिक्षात मी विचारलं, त्यानं ऐकलंच नसतं तर?

"तर बसले असते तिथंच," त्या म्हणाल्या, "सांजपर्यंत."