फ्रीजच्या दारातली चौथी बाटली

बाटलीकाकांनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. तरीही भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला व्हिस्की भेट द्यायची असली की तो आधी त्यांच्या दाराची बेल वाजवायचा. काका मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईत एका रंगाच्या कंपनीत खरेदीखात्यात होते. दर दिवाळीला मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायच्या बाटल्या निवडायचं काम साहेबांनी त्यांच्याकडेच दिलं होतं. "पिणाऱ्याला पाठवलं तर निम्म्या वाटेतच संपतील," हे त्या साहेबांचं कारण. असं तीस वर्षं चाललं. काका निवृत्त झाले, पण बाटली त्यांच्या नावाला चिकटली ती चिकटलीच. काकूंना मात्र हे नाव अजिबात आवडायचं नाही. भाजीवालीने "बाटलीकाकी" म्हटलं की त्या कोथिंबीर न घेताच परत यायच्या.

सल्ला मागायला गेलेल्या माणसाची ते उलटतपासणी घेत. बजेट किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी विचारायचे, "घरात कोण कोण असतं? बायको बोलकी आहे की गप्प? फ्रीज एका दाराचा की दोन?" नवखा माणूस गोंधळून जायचा. मग काका चष्मा कपाळावर चढवून समजावायचे, "अरे, व्हिस्की आठवड्यात संपते. बाटली दहा वर्षं राहते. आणि ती राहायची की भंगारात जायची, हे पिणारा ठरवत नाही."

कारण हेच तर आपल्या लोकांचं! चांगली बाटली रिकामी झाली की ती धुवायची, उन्हात वाळवायची आणि पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवायची. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये शाळेत जाणारी पोरंसुद्धा व्हिस्कीच्या बाटलीतून पाणी पीत वाढली. त्यामुळे बाटली दारातल्या कप्प्यात बसते का, ब्रश आत जातो का, ओल्या हातातून सटकते का, या काकांच्या कसोट्या होत्या. तळमजल्यावरच्या एका शहाण्याने त्या धुडकावल्या आणि बढतीच्या आशेने साहेबांना गोल पोटाची महागडी बाटली नेऊन दिली. ती कुठेच उभी राहीना. साहेबांच्या बायकोने ती वॉचमनला देऊन टाकली. बढती दुसऱ्यालाच मिळाली. काका त्यावर एवढंच म्हणाले, "पोट आडवं आलं."

स्टेशनजवळच्या दारूच्या दुकानातल्या शेटला त्यांचा धाक होता. काका आत शिरले की तो पोऱ्याला बाजूला सारून स्वतः स्टुलावर चढायचा. काका बाटली ट्यूबलाइटसमोर धरायचे, सीलवर नख फिरवायचे, मग खिशातून रुमाल काढून तिची उंची मोजायचे. रुमालाच्या एका कडेला निळ्या शाईची खूण होती. ती फ्रीजच्या कप्प्याची उंची.

"चाचा, कभी चख के भी देखो," शेट डिवचायचा.

"आप साड़ी बेचते तो क्या पहन के देखते?" काका तोंडावरची माशी हलू न देता विचारायचे.

दोन हजार चारच्या सुमारास माझी पाळी आली. मला भाईंदरजवळच्या राई गावच्या सुरेखाशी लग्न करायचं होतं. ती बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसायची. तिच्या वडिलांची, म्हणजे दादांची, खाडीकाठी शेती होती आणि ठाम मतं होती. त्यातलं पहिलं मत, फ्लॅटवाल्याला मुलगी द्यायची नाही. महिनाभर रडून-भांडून सुरेखाने माझी एक भेट ठरवली आणि मला बजावलं, "एकदाच भेटणारेत. रिकाम्या हाताने येऊ नको. चांगली बाटली आण."

मी बहाद्दराने दुबईहून येणाऱ्या मित्राकडून उंची बाटली मागवली आणि मिरवत काकांना दाखवायला नेली. डब्यातून काढून त्यांनी ती एकदा फिरवली आणि परत आत ठेवली.

"ही डॉक्टरला दे. असली एकदा आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये उघडली होती. दोन दिवस दवाखान्याचा वास येत होता. आणि गळा बघ, करंगळी जात नाही."

"काका, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच सांगतोय. तिला फोन कर. घरी पाणी कशात ठेवतात ते विचार."

मला रागच आला. पण फोन केला. सुरेखा आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "चौकोनी बाटल्यांत. चार होत्या. एक माझ्या हातून फुटली, तर आई अजून ऐकवते."

काकांनी ताबडतोब चपला घातल्या. दुकानातून तिला पुन्हा फोन लावून आणखी दोन खुणा विचारून घेतल्या आणि त्याच घडणीची चौकोनी, जाड बुडाची बाटली निवडली. साधी, रोजच्या पिणाऱ्यांची. दुबईवालीच्या पाव किमतीची. ती पिशवीत घालताना मी शेटला दोनदा किंमत विचारली.

रविवारी दुपारी दादांच्या ओटीवर बसलो. त्यांनी बाटली पिशवीतून काढली, लेबल वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला निघायची वाट दिसू लागली.

"ही त आमचेकरं नेहमीचीच हाय," ते म्हणाले.

मी मनातल्या मनात बाटलीकाकांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात सुरेखाची आई पदराला हात पुसत बाहेर आली. दादांच्या हातून तिने बाटली जवळजवळ हिसकावलीच. बुडावर नखाने टकटक केलं, तोंडावरून बोट फिरवलं आणि तशीच आत गेली. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. मग काचेला काच लागल्याचा.

"बसली!" ती आतून ओरडली. बाहेर येऊन तिने बाटली दादांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "लवकर संपवा आता. मना पाण्याला पायजे."

 दादा मांडीवर थाप मारून म्हणाले, "तीस वर्षांत पयल्यांदा बोलली, लवकर संपवा! पोरगा हुशार हाय रं."

पुढचं सांगायला नको. लग्नात काका पहिल्या पंगतीला बसले आणि सासूबाईंनी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

तीन-चार वर्षांनी काका-काकू गावी राहायला निघाले. भेट काय द्यावी, या प्रश्नाने मी हैराण झालो, कारण असल्या बाबतीत विचारायचं ज्यांना, तेच निघाले होते. सासूबाईंनी प्रश्न सोडवला. चौथी बाटली थंड पाण्याने भरून त्यांनी माझ्याकडे दिली. "वाटेत प्यायला द्या त्यांना. भरलेली परत आणा म्हनावं." तिचं लेबल घासून घासूनही कधी निघालं नव्हतं. काकांनी बसच्या खिडकीत बसून, सगळ्या प्रवाशांदेखत, ती तोंडाला लावली. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला. काकू लाजून अर्धमेल्या झाल्या. काका मिशी पुसत मला म्हणाले, "शोभतो का रे?"

तेच त्यांचं शेवटचं दर्शन. दोन वर्षांनी फोन आला, काका गेले. मी खूप रडलो. माझा संसार ज्या माणसाने रुमालाने मोजून उभा केला, त्याला मी नीट धन्यवादही दिले नव्हते.

नंतर फ्लॅटच्या कागदपत्रांच्या कामाला काकू भाईंदरला आल्या. टॉवेलात गुंडाळलेली ती बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. आत गर्द लाल कोकमाचं आगळ होतं आणि झाकणाभोवती मेण. "मे महिन्यात स्वतः भरली," काकू म्हणाल्या. "म्हणाले, त्याला सांग, सील तपासून घे."

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. सीलवर नख फिरवलं. सील पक्कं होतं.

ती तशीच शोकेसमध्ये ठेवायची, असं मी ठरवलं होतं. दादांना घेऊन सासूबाई आल्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चमच्याच्या टोकाने मेण फोडलं. "ठेवून काय पूजा करता?" म्हणत सगळ्यांना सरबत केलं, उरलेलं आगळ बरणीत काढलं आणि बाटली धुऊन घरी नेली.

दादा सरबताला एरवी हात लावत नाहीत. त्या दिवशी दोन ग्लास प्यायले.