मलप्पानं बुजवलेलं ऑइल

जळकोटजवळच्या एका वाडीत मलप्पा राहायचा. कोरडवाहू जमीन, बैलजोडी आणि शेजारच्या चांदपाशाबरोबर अर्ध्यात घेतलेला एक जुना ट्रॅक्टर. आठवडा याचा, आठवडा त्याचा. दोघांत कधी वाकडा शब्द झाला नव्हता.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. तिकडं कचेऱ्यांची बांधकामं निघाली आणि इकडं सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. रानात काम नाही, म्हणून दोघं आळीपाळीनं लातूरला मुरूम ओढायला जात. चैत्रात वाडीच्या विहिरी आटल्या, तेव्हा लोकांनीच गळ घातली की मुरूम राहू द्या, आता ट्रॅक्टरनं पाणी आणा.

लातूरहून शेवटची खेप करून येताना उदगीरच्या पुढं इंजनातल्या ऑइलचा दाब दाखवणारा काटा खाली आला. थांबलं तर रस्त्याकडेला ताटकळत बसावं लागणार. 'घर आता कितीसं ऱ्हायलं,' म्हणत मलप्पानं ट्रॅक्टर तसाच दामटला.

सकाळी अंगणात त्यानं इंजनाखाली डबा ठेवला आणि नट खोलला. काळं ऑइल भळाभळा आलं. उन्हात त्यात काहीतरी चमकलं. बोटांत घेऊन चोळलं तर कचकच लागली. वाळू नव्हती ती, तांबूस धातूचा चुरा होता. आतलं बेरिंग खाल्लं जात होतं, हे त्याला लगेच कळलं.

"काय चमकायलंय ते?" त्याची बायको गौरम्मा सूप घेऊन दारात उभी होती.

"काय न्हाई. माती हाय."

कुंपणाकडेला खड्डा करून त्यानं ते ऑइल बुजवलं आणि नवं ओतलं. दुसऱ्या दिवशी चांदपाशाची पाळी. "ऑइल बदललंय," एवढंच बोलून त्यानं चावी हातात दिली. चाललं तर चालेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

नाही चाललं. पाण्यानं भरलेली टाकी घेऊन चढ चढताना इंजनात दणका बसला आणि ते जागीच जाम झालं. वाडीत बाया रिकाम्या घागरी घेऊन वाट बघत राहिल्या. जो तो चांदपाशाला बोलू लागला.

संध्याकाळी चांदपाशा आला. ओसरीवर चढलाच नाही, खालीच उभा राहिला.

"मलप्पा, माझ्या हातून घात झाला. टाकी लई काठोकाठ भरली म्या. तुझं बी नुकसान केलं. मनात राग धरू नको."

गौरम्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेली. मलप्पाची मान वर होईना. खरं ओठाशी आलं होतं. पण तोंडातून निघालं ते, "होतं असं कधी कधी."

चांदपाशानं त्याचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. आपण या माणसाला माफ करून बसलोय, या विचारानं मलप्पाला जेवण गेलं नाही.

मग पाणी बैलगाड्यांनी येऊ लागलं. एकदा गाडीपाशी गर्दी असताना केवळाबाई म्हातारी म्हणाली, "ह्या चांदपाशानं ट्रॅक्टर मोडला, पर मलप्पा एका शब्दानं बोलला न्हाई. देवमाणूस!"

चांदपाशा तिथंच खाली मान घालून उभा होता. मलप्पाला ते सोसेना.

"त्यानं न्हाई मोडला," तो म्हणाला. "ऑइलात चुरा मला आधीच घावला व्हता. म्या तो बुजवला आन् चावी त्याला दिली."

चांदपाशानं हातातली घागर खाली ठेवली.

"नुसतं सांगितलं असतंस, तर दोघांनी मिळून इंजन खोललं असतं," तो म्हणाला आणि घागर तिथंच सोडून घरी गेला.

मलप्पानं ती भरली आणि त्याच्या दारात नेऊन ठेवली. पाऊस पडेपर्यंत चांदपाशाच्या गल्लीला पाणी मलप्पाच्याच गाडीतून गेलं. चांदपाशा बाहेर येत नसे. त्याची बायको बेगमबी घागरी भरून घ्यायची आणि रीत म्हणून म्हणायची, "बसा की जरा, च्या घ्या." मलप्पा मानेनंच नको म्हणायचा आणि गाडी पुढं हाकायचा.